आत्याचा पक्ष

सिडनीत पेंडल हिलला स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर एका घराच्या मागच्या अंगणात मी भाड्याने राहायचे. इथे त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. एक खोली, ओट्यापुरतं किचन आणि बाथरूम. पुढच्या घरात मालकीण एकटीच. साठी कधीच ओलांडलेली, अंगाने धिप्पाड, चालताना डावा गुडघा जपणारी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत वर्षानुवर्षं चादरी धुऊन रिटायर झालेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मूळची पॅसिफिकमधल्या एका बेटाची. त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही. देश इतका छोटा आहे, की नाव लिहिलं तर ती कोण हे तिथल्या कुणीही सांगेल.

आमची ओळख अळूवरून झाली. तिने कुंपणाला लागून अळू लावलं होतं. ती त्याची पानं नारळाच्या दुधात आणि डबाबंद मांसात शिजवायची. मी एकदा चार पानं मागून वड्या केल्या आणि तिला नेऊन दिल्या. तिने खाल्ल्या, आणि कशा केल्या ते विचारलं. बेसन लावायचं, गुंडाळायचं, उकडायचं, कापायचं, मग तळायचं, असं मी सांगत गेले तसे तिचे डोळे मोठे होत गेले.

"एका पानासाठी एवढं? तुमच्याकडे बायकांना दुसरं काम नसतं का?"

मग ती एकेक नातं विचारायला लागली. बापाच्या बहिणीला काय म्हणता? मी म्हटलं, आत्या. तिचं काम काय? मला पटकन सांगता येईना. म्हटलं, बारशाला बाळाचं नाव ती ठेवते, त्याच्या कानात कुर्र करते, आणि तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

"आत्याला मारतात?" ती खरोखर हादरली.

त्यांच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातली सगळ्यांत वरची. भाऊ गावात कितीही मोठा असो, बहिणीपुढे खाली बसणार. भावाच्या मुलांच्या लग्नात, मयतीत ती सगळ्यांत उंच जागी बसते, आणि तिचा शब्द शेवटचा. "आमच्याकडे बाप चिडला तर पोरं पळतात," ती म्हणाली. "आत्या चिडली तर बापही पळतो." त्या दिवसापासून मी तिला आत्या म्हणायला लागले. तिला ते आवडलं असावं, कारण पुढे फोनवर ती स्वतःही माझ्याशी तेच नाव सांगून बोलायची.

२०२० चा मार्च आला. चर्च बंद झालं, माझं ऑफिस घरी आलं. मी एका वीज कंपनीच्या कॉल सेंटरला होते. बिलं थकलेल्या माणसांशी दिवसभर बोलायचं, हेच काम. एका रविवारी दुपारी आत्याने दार वाजवलं.

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मला मीटिंगला जायचंय."

मला वाटलं चर्चची प्रार्थना असेल. मी पुढच्या घरात जाऊन तिच्या लॅपटॉपवर झूम सुरू करून दिलं. ती खुर्चीवर बसेना. जमिनीवर चटई अंथरली, चांगले कपडे घातले होते त्यावर कमरेला, त्यांच्याकडे मानाच्या प्रसंगी बांधतात तशी, एक विणलेली छोटी चटई गुंडाळली, आणि लॅपटॉप समोरच्या स्टुलावर ठेवायला लावला. पडद्यावर सिडनी, ऑकलंड, अमेरिका आणि त्यांच्या बेटावरचे मिळून पंचवीसेक चौकोन. आधी प्रार्थना झाली, मग सगळ्यांनी एक भजन म्हटलं. झूमवर सगळ्यांचे आवाज मागेपुढे होतात. ते भजन एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत लोळत, धडपडत गेलं, पण एकही माणूस मध्ये थांबला नाही. मी हसू दाबत बाहेर आले.

संध्याकाळी मी विचारलं, "चर्चमध्ये नेहमी एवढे लोक असतात?"

"चर्च कुठलं? तो माझा पक्ष होता."

तेव्हा मला सगळं समजलं. त्यांच्या बेटावर राजा आहे. पार्लमेंट आहे, पण त्यातल्या बऱ्याच जागा सरदार घराणी आपापसांत वाटून घेतात, आणि उरलेल्या तेवढ्या सामान्य लोकांना मिळतात. सगळ्या जागा लोकांनी निवडाव्यात एवढंच म्हणणारा एक पक्ष काही शिक्षकांनी मिळून काढला. पहिली बैठक आत्याच्या व्हरांड्यात झाली. ती तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पुढे सरकारी नोकरांच्या संपात ती पुढे होती म्हणून तिची नोकरी गेली. नवऱ्यामागे सिडनीला आली आणि लाँड्रीत लागली. पण पक्ष सुटला नाही. तिच्या धाकट्या भावाची दोन मुलं तिने लहानपणी सांभाळली होती. ती दोघंही पक्षात वाढली. थोरला दोनदा निवडून येऊन पार्लमेंटमध्ये बसला होता, धाकटा गावोगाव सभा घ्यायचा. भाऊ वारल्यापासून त्या दोघांना वरचं माणूस एकच, आत्या.

माझे वडील शाळामास्तर होते. निवडणूक आली की इलेक्शन ड्युटी लागली म्हणून कुरकुरत जायचे आणि दुसऱ्या दिवशी दमून यायचे. आमच्या घरी लोकशाही म्हणजे वडिलांची रद्द झालेली सुट्टी. कुणी त्यासाठी नोकरी घालवली असेल हे मी पहिल्यांदा एका लाँड्रीवाल्या बाईच्या स्वयंपाकघरात ऐकलं.

पक्षाचा म्हातारा नेता काही काळापूर्वीच गेला होता. तो होता तोवर सगळे एकत्र होते. २०२१ उजाडलं तेव्हा झूमवर भजन म्हणणारे चौकोन कमी झालेले मला दिसले. मग कळलं, आता एकाआड एक रविवारी दोन वेगळ्या मीटिंगा सुरू झाल्या आहेत. एक थोरल्या भाच्याची, एक धाकट्याची. धाकट्याचं म्हणणं, थोरला खुर्चीत बसून सरदारांचा झाला. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याला फक्त भाषणं येतात. वर्षाच्या शेवटी निवडणूक होती आणि दोघंही एकाच मतदारसंघातून उभे राहायला निघाले होते. दोघांच्या मागे भिंतीवर त्याच मेलेल्या नेत्याचा तोच फोटो.

"मला घरी जायला हवं," आत्या म्हणाली. "मी तिथे चटईवर बसले तर दोघांपैकी एकाचीही उभं राहायची हिंमत होणार नाही."

जाणं सोपं नव्हतं. बेटाने विमानं बंद केली होती, महिन्या-दोन महिन्यांतून एखादं स्वतःच्या माणसांना घेऊन जायचं. आणि आत्या इथली नागरिक झालेली, तेव्हा ऑस्ट्रेलियालाही तिला बाहेर सोडायची परवानगी द्यावी लागणार होती. अर्ज मी भरून दिला. प्रवासाचं कारण काय, या रकान्यापाशी ती म्हणाली, "लिही, भाच्यांना समजावायला." मी तसं लिहिलं. नकार आला. मी म्हटलं, आत्या, लोक मयत लिहितात, मयतीला सोडतात.

"कोण मेलं म्हणून लिहू? पक्ष?"

खोटं लिहायला ती तयार झाली नाही. पुन्हा अर्ज केला, या वेळी चर्चच्या पाद्रीची चिठ्ठी जोडून, वयाचं आणि घरच्या वादाचं कारण देऊन. त्याचं उत्तर येईपर्यंत माझ्या घरी दुःख झालं.

एप्रिलच्या शेवटी सांगलीची माझी खरी आत्या गेली. माझं नाव तिनेच ठेवलं होतं. ऑक्सिजनसाठी चुलतभाऊ दोन दिवस वणवण फिरत होता, मी इथून फोन लावत होते, मग त्याचा मेसेज आला, आता नको शोधूस. त्याच सुमारास भारतातून येणारी विमानं इथे बंद झाली. गेले असते तर परत येता आलं नसतं, आणि गेले असते तरी कशाला, तिला तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं होतं. टीम लीडरला सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "ओह, सॉरी मेट. आंटी ना? आफ्टरनून ऑफ घे." मी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि पायरीवर बसून राहिले.

आत्याने पुढच्या घराच्या खिडकीतून पाहिलं. येऊन विचारलं. मी म्हटलं, वडिलांची बहीण गेली. ती आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली ती नखशिखान्त काळ्या कपड्यांत, कमरेला जुनी, कडा विरलेली मोठी चटई गुंडाळून. गुडघा दुखत असताना ती माझ्या पायरीच्या खाली, गवतात बसली.

"आमच्याकडे यापेक्षा मोठं मरण नसतं," ती म्हणाली.

ती पुढे कितीतरी दिवस काळे कपडेच घालत राहिली. दुकानात जाताना, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवताना. सांगलीत कुणी माझ्या आत्याचं सुतक पाळू शकलं होतं की नाही मला माहीत नाही. सगळेच आजारी होते.

परवानगी आली, आणि जूनअखेरच्या विमानात तिला जागाही मिळाली. तिने बॅग भरली. माझ्याकडून अळूवड्यांचे उंडे करून घेतले, फ्रीज करून न्यायला. आणि त्याच आठवड्यात सिडनीत पुन्हा केसेस वाढल्या. बेटाने सिडनीचं विमान रद्द केलं. पुढचं कधी, कुणाला माहीत नव्हतं. आत्याने बॅग तशीच पॅसेजमध्ये ठेवली. तिच्याकडे ये-जा करताना मी बॅगेला वळसा घालून जायचे.

मग आमच्या भागाला सगळ्यांत कडक लॉकडाऊन लागला. समुद्राकाठच्या सबर्बमध्ये लोक बीचवर फिरताना टीव्हीवर दिसायचे, आणि आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. रस्त्यात सैनिक आले. इंडियन दुकानात एका वेळी चारच माणसं सोडायचे. माझ्या हेडफोनमध्ये दिवसभर आमच्याच भागातली माणसं, बिल भरू शकत नाही म्हणून सांगणारी, आणि मी त्यांना स्क्रीनवर लिहिलेली वाक्यं वाचून दाखवणारी.

ऑगस्टमध्ये एका रविवारी आत्याने दोन्ही भाच्यांना एकत्र झूमवर बोलावलं. मला म्हणाली, "तू इथेच बस, नेट गेलं तर." ती चटईवर बसली, कमरेची चटई नीट केली. मला त्यांची भाषा कळत नव्हती. कोण काय म्हणालं ते तिने मला नंतर वाक्यावाक्याने सांगितलं, ते असं होतं.

आत्या म्हणाली, "मी तुमच्या बापाची थोरली बहीण बोलतेय. दोघांपैकी एकाने माघार घ्या. कुणी, ते मी सांगेन, आणि ते शेवटचं."

धाकट्याने मान खाली घातली. थोरला सावकाश बोलला.

"आत्या, घरात तू आमच्या वर आहेस. मी मरेपर्यंत तुझ्यापुढे खाली बसेन. पण हे घरातलं नाही. जन्माने वर आहे म्हणून कुणी निकाल द्यायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं?"

"मी शिकवलं," आत्या म्हणाली.

"मग लोकांना ठरवू दे."

"लोक तुम्हा दोघांत वाटले जातील आणि तिसरा येईल."

तेव्हा धाकटा बोलला. "आला तर आला, आत्या. पण याच्यासाठी मी बसणार नाही. आणि तू इथे नाहीस. तुला इथलं काय माहीत?"

एवढं मी चेहऱ्यावरूनही ओळखलं असतं. आत्याचा हात कमरेच्या चटईवर गेला आणि तिथेच राहिला. दोघांनी आपापल्या परीने निरोप घेतला, मान लववून, अगदी रीतीप्रमाणे, आणि चौकोन एकामागून एक काळे झाले.

मी चहा केला. ती म्हणाली, "थोरल्याचं एक वाक्य चूक असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. एकही चूक नव्हतं."

मी तिला काहीतरी धीराचं बोलले. निवडणुकीला अजून वेळ आहे, माणसं बदलतात, असलंच काहीतरी. ती भूगोलाची मास्तरीण होती, असल्या उत्तरांना ती मार्क देत नसे. कप खाली ठेवून तिने विचारलं, "तुमच्याकडे आत्याला पाठीत मारतात ना? शहाणे आहात."

नोव्हेंबरात त्यांची निवडणूक झाली. परदेशात राहणाऱ्यांना मत नाही, त्यासाठी बेटावर हजर असावं लागतं. मतमोजणी तिथला रेडिओ फोनवर लावून ऐकायची होती. तोपर्यंत आमचा लॉकडाऊन उठला होता, लोक एकमेकांकडे जायला लागले होते, पण आत्याने कुणालाच बोलावलं नाही. मी गेले. तिने टेबलावर फोन ठेवला आणि समोर वाटाणे सोलायला घेतले. निवेदक एकेक गाव वाचत होता. आकडे ऐकताना ती मला दोनच शब्दांत सांगायची, थोरला, धाकटा, थोरला. मग तिसरंच नाव यायला लागलं. तो सरदारांच्या बाजूचा माणूस. शेवटी तोच निवडून आला. दोन्ही भावांची मतं एकत्र केली तर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. बाकी देशातही तसंच झालं. जिथे जिथे पक्षाचे दोन तुकडे एकमेकांसमोर उभे होते, तिथे दोन्ही पडले. नव्या पार्लमेंटमध्ये पक्षाची म्हणावीत अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली.

आत्या रडली नाही. मला वाटत होतं रडेल, मी तयारीने बसले होते. तिने वाटाणे पूर्ण सोलले. मग फोन वाजला. थोरला होता, धाकट्यामुळे हरलो म्हणत होता. तो ठेवतो न ठेवतो तोच धाकट्याचा आला. तिने दोघांचं ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तो सोफ्याच्या उशीखाली सारला आणि उशीवर बसली.

"तीस वर्षं आम्ही म्हणत होतो, राजा आणि सरदार आम्हाला मोठं होऊ देत नाहीत," ती म्हणाली. "या वेळी त्यांनी काही केलंच नाही गं. ते नुसते घरी बसले होते."

डिसेंबरात आमच्या काउन्सिलची निवडणूक आली. इथे नागरिकाने मत दिलं नाही तर दंड होतो. मी पर्मनंट रेसिडेंट, मला मत नाही. पण आत्याचा गुडघा फार दुखत होता म्हणून शनिवारी मी तिला गाडीने जवळच्या प्रायमरी स्कूलला घेऊन गेले. तिनेच मला कधी सांगितलं होतं, की बेटावर मताच्या दिवशी लोक चर्चला जायचे कपडे घालतात, कमरेला चटई बांधल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. त्या दिवशी ती अंगणात काम करायच्या झग्यात आणि रबरी चपलांत गाडीत येऊन बसली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने सीटबेल्ट लावला.

शाळेच्या फाटकापाशी उमेदवारांची माणसं पत्रकं वाटत होती. त्यात एक आपला मराठी मुलगाही होता, बहुतेक पुण्याचा, उन्हात घामाघूम झालेला. "काकू, प्लीज, फर्स्ट प्रेफरन्स आम्हाला," तो मला म्हणाला. मी म्हटलं, मला मत नाही रे. त्याने लगेच आत्याकडे वळून इंग्रजीत सुरू केलं. आत्याने पत्रक घेतलं नाही. मास्क नीट केला आणि आत गेली. एका बाजूला पालक सॉसेज भाजत होते, कांद्याचा वास सगळीकडे पसरला होता.

ती इतक्या लवकर बाहेर आली, की मला वाटलं काहीतरी विसरली.

"झालं?"

"झालं."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"कुणालाच नाही. दोन्ही कागद दिले त्यांनी, दोन्ही कोरे टाकले. यादीत नाव खोडून घेतलंय, आता दंड नाही."

मला काय झालं कोण जाणे, मी चिडले. म्हटलं, आत्या, ज्यासाठी तू नोकरी घालवलीस, ते तुला इथे हातात देतात आणि तू कोरं टाकतेस? मला मिळत नाही, मी दिलं असतं.

तिने मला बोलू दिलं. मग खिडकीची काच खाली करून म्हणाली, "तू दे, तुला मिळेल तेव्हा. तू अजून हरलेली नाहीस." आणि थोड्या वेळाने, "घरी चल. गुडघा ठणकतोय."

नवीन वर्षात माझी नोकरी बदलली आणि मी मेलबर्नला, पॉइंट कुकला गेले. त्याच वर्षी बेटाच्या सीमा उघडल्या. मी फोन करून विचारलं, केव्हा जातेस? ती म्हणाली, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. तिचा डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता, ते मला तिच्या शेजारणीकडून समजलं. मी तिला ते कधी बोलून दाखवलं नाही.

एका लाँग वीकेंडला तिला भेटायला सिडनीला गेले, तर घरात एक चाळिशीचा माणूस होता. हात चिरलेले, नखांत माती. पडद्यावर पाहिलेला चेहरा होता म्हणून ओळखला, थोरला भाचा. फळं तोडायच्या सीझनल व्हिसावर ऑस्ट्रेलियात आला होता, कुठल्याशा द्राक्षाच्या मळ्यावर. रात्रभर बसने प्रवास करून आत्याला भेटायला आला होता. आत्या खुर्चीवर बसली होती आणि तो तिच्यापासून दूर, दाराजवळ जमिनीवर. तिने बोलावल्याशिवाय तो पुढे सरकला नाही. तिच्यासमोर जेवला नाही, ताट घेऊन किचनमध्ये गेला. मी त्याला इंग्रजीत विचारलं, मळ्यावर कसं आहे? "गुड, गुड. नो वरीज," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली पाहायला लागला. राजकारणाचं कुणी नाव काढलं नाही.

तो भांडी घासत असताना आत्या मला हळू आवाजात म्हणाली, "बघ, आता मला सगळा मान देतो. मी ऊठ म्हटलं तर उठेल, बस म्हटलं तर बसेल."

आत नळाचं पाणी वाहत होतं. मला चारच्या सुमारास निघायचं होतं, तिने माझ्यासाठी अळूची पानं कापून ओल्या पेपरात गुंडाळून ठेवली होती. ती मी विमानात नेली, पण मेलबर्नला पोचेपर्यंत काळी पडली होती.